मास्तर बदलला, क्लबच गेला

घाटंजीत फुटबॉलवर भांडणारी माणसं चहाटपरीच्या एका बाकावर मावतात. भांडण मात्र असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आज गावात मोहन बागान आणि ईस्ट बंगालचाच सामना आहे. १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० ने हरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहा उकळायच्या आत बाकाने निकाल दिला होता: "आता तं काढाच त्या खालिदले!"

खालिद म्हणजे खालिद जमील, भारतीय संघाचा प्रशिक्षक. तीनच महिन्यांपूर्वी, १ ऑगस्टला त्याची नेमणूक झाली, तेव्हा याच बाकावर कौतुकाला भरती आली होती. सावियो मेदेराच्या नंतर, म्हणजे तब्बल तेरा वर्षांनी, देशाच्या संघाला पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक मिळाला होता. स्टीफन कॉन्स्टंटाईनसारखं जुनं नाव यादीत असताना फुटबॉल महासंघाने आपल्या माणसाला निवडलं, याचं पोरांना अप्रूप वाटलं. ऑगस्टअखेर काफा नेशन्स चषकात भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं, ओमानला पेनल्टीवर मागे टाकून तिसरा क्रमांक घेतला. ऑक्टोबरात गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ ने हरून २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला, आणि नोव्हेंबरात ढाका. तीन महिन्यांत डोक्यावरून थेट पायदळी.

"काका, तुमी काहून गप्प?" असं एकाने विचारलं. या पोरांचा जन्म झाला त्याच्या आसपासच्या गोष्टी मला आठवत होत्या. 'खालिदला काढा' ही घोषणा त्यांना ताजी वाटते. मी ती मुंबईच्या कूपरेजवर, पिवळी जर्सी घातलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलेली आहे. त्या घोषणेचं पुढे काय झालं, तेही पाहिलेलं आहे.

आमच्या लहानपणी घाटंजीत 'कोच' हा प्रकारच नव्हता. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाचे सामने दूरदर्शनने दाखवले, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अर्धी गल्ली. अँटेना फिरवायला एक पोरगं वर कौलांवर, आणि खालून 'दिसलं, दिसलं, गेलं' असा पुकारा. मॅराडोना सगळ्यांना पाठ झाला, पण अर्जेंटिनाच्या बाकावर कार्लोस बिलार्डो नावाचा माणूस बसला होता हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. सकाळी शाळेच्या मैदानावर तोच सामना आम्ही पुन्हा खेळायचो. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी थरावर थर चिकटायची की मध्यंतरापर्यंत प्रत्येकाची उंची दोन बोटं वाढलेली. बूट कोणाकडेच नव्हते, आणि असते तरी त्या चिखलाने ठेवून घेतले असते.

पीटीचे सर हेच आमचे प्रशिक्षक, पंच आणि लाइन्समन. शिट्टी त्यांची, चेंडू शाळेचा, हवा सायकलवाल्याची. सलग हरलो म्हणून सरांना कोणी काढत नसे. आमच्याकडे हकालपट्टी नव्हती, बदली होती. एका जूनमध्ये सर दिसायचे नाहीत, कळायचं की आर्णीकडे गेले, आणि नव्या सरांना कबड्डीची आवड असली की वर्षभर फुटबॉल बंद. माणूस बदलला की खेळच बदलतो, हे आम्ही फार लवकर शिकलो.

नोकरीने मुंबईला नेलं तेव्हा फुटबॉल पुन्हा भेटला, तो मुंबई एफसीच्या रूपात. आजच्या पोरांना इथेच घोटाळा होतो. निळी मुंबई सिटी वेगळी, ती २०१४ साली इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलबरोबर आली. पिवळी मुंबई एफसी २००७ मध्ये स्थापन झाली, दुसऱ्या श्रेणीतून वर चढून २००८ ला आय-लीगमध्ये पोचली. पहिला प्रशिक्षक डेव्हिड बूथ नावाचा इंग्रज. खालिद तेव्हा त्या संघाचा खेळाडू होता. दुखापतींनी त्याचं खेळणं संपवलं आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, तो त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. मग सात वर्षं तोच.

आज सात वर्षं हा आकडा ऐकून पोरं हसतात. त्या सात वर्षांत मुंबई एफसीने कधी लीग जिंकली नाही, जिंकण्याच्या जवळपासही गेली नाही. तक्त्याचा मधला भाग नाहीतर तळ, हेच तिचं गाव. पण खालिद असेपर्यंत ती कधी खाली उतरली नाही. कोलकात्याचे दोन दिग्गज, गोव्याचे डेम्पो, चर्चिल आणि साळगावकर, बंगळुरूचा नवा श्रीमंत क्लब, अशांच्या पंगतीत कमी पैशाचा संघ घेऊन दरवर्षी टिकून राहायचं ही सोपी गोष्ट नव्हती. कूपरेजचं काम चाललं होतं त्या काळात तर घरचे सामनेही पुण्यात बालेवाडीला. घरच्या मैदानासाठी दीडशे किलोमीटरचा प्रवास करणारा संघ होता तो.

कूपरेजवर सामना पाहायचं सुख वेगळं होतं. चर्चगेटला उतरायचं आणि ओव्हल मैदानावरच्या क्रिकेटला वळसा घालून चालत जायचं. स्टेडियम छोटं, भरलं तरी पाचेक हजार माणूस. त्यामुळे मैदान इतकं जवळ की बूट घासला की कृत्रिम हिरवळीतले रबराचे काळे दाणे उडालेले दिसायचे, आणि धडक बसली की हाडाचा आवाज ऐकू यायचा. खालिद बाकावर बसलाय असं क्वचित दिसे. रेषेलगत इकडून तिकडे फेऱ्या, मधेच खाली बसणं, मधेच दोन्ही हात डोक्यावर. त्याची हाक स्टँडमध्ये स्पष्ट यायची, आणि स्टँडमधला सल्ला त्यालाही स्पष्ट जात असणार. स्टीव्हन डायस उजवीकडून क्रॉस टाकायला लागला की लोक आपोआप उभे राहत. पत्रकारांशी खालिद मोजकं बोलायचा. जिंकला तरी चेहरा असा, की उद्या परीक्षा आहे.

त्याचा खेळ सगळ्यांना आवडायचा असं मुळीच नाही. आधी बचाव, मग संधी मिळाली तर लांब पास आणि धाव, हा त्याचा शिरस्ता. बरोबरीचे सामने ढिगाने. स्टँडमध्ये दोन तट होते. एक तट म्हणायचा, "याच्यामुळे वाचतोय." दुसरा म्हणायचा, "याच्यामुळे नुसतं वाचतोच आहोत." मी पहिल्या तटातला, कारण कमी पाण्यात पीक काढणाऱ्याची किंमत विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही.

दुसऱ्या तटाला जोर आला तो आयएसएल सुरू झाल्यावर. त्याच शहरात मुंबई सिटीकडे निकोला अनेल्का आला, सुनील छेत्री आला, सिनेतारे आले, आतषबाजी आली. टीव्हीवर ते बघून कूपरेजला यायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठून घरच्या पिठल्यावर बसणं. लोकांना आपल्याही क्लबात काहीतरी नवं हवं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात क्लबने आणि खालिदने वाटा वेगळ्या केल्या. सात वर्षांचा संसार, आणि वर्तमानपत्रात बातमी एका कोपऱ्यात.

जागी आला संतोष कश्यप, मुंबईचाच. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. २०१४-१५ मध्ये त्याने शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोला आय-लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर नेलं होतं. त्यामुळे बदल वेडेपणाचा आहे असं तेव्हा कोणी म्हणू शकलं नसतं. पण मोसम पुढे सरकला तसे विजय आटले. मार्चमध्ये कश्यपलाही जावं लागलं आणि स्पेनचा ऑस्कर ब्रुझोन आला. तोवर उशीर झाला होता. दहा संघांच्या लीगमध्ये मुंबई एफसी शेवटची आली आणि खाली गेली.

त्याच मोसमात खालिद काय करत होता? मिझोरममध्ये ऐझॉल एफसी नावाचा संघ होता. तो आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत गेलेला. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या, म्हणून ऐझॉलला परत घेतलं होतं. म्हणजे नापास झालेला, पण वर्गात पोरं कमी पडली म्हणून पुढे ढकललेला संघ. खालिद तिथे गेला. सोबत जयेश राणे आणि आशुतोष मेहता, दोघेही पूर्वी मुंबई एफसीत त्याच्या हाताखाली खेळलेले. २२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलमध्ये मोहन बागानविरुद्ध ८३ व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेने डोक्याने गोल केला आणि संघ पहिल्या क्रमांकावर गेला. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती. नवव्या मिनिटालाच गोल खाल्ला. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने फेडला. १-१. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय लीग विजेता संघ, आणि बाकासमोर आमचा फेऱ्या मारणारा खालिद.

कूपरेजच्या आमच्या टोळीतल्या लोकांचे त्या संध्याकाळी एकमेकांना फोन झाले. आनंद कोणाचा आणि दुःख कोणाचं करायचं तेच कळेना. जयेश राणेसारखा मुंबईचा पोरगा लीग जिंकला म्हणून छाती फुगली होती, आणि आपला क्लब तक्त्याच्या तळाशी होता. ऐझॉलला लोकांनी 'भारताचं लेस्टर' म्हटलं. त्यातली गंमत अशी की खऱ्या लेस्टरने, इंग्लंडची लीग जिंकून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरीला त्याच फेब्रुवारीत, विजेतेपदाला वर्ष व्हायच्या आत काढून टाकलं होतं. खुर्चीची निष्ठा जगभर एकाच वजनाची.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात, कारण तिच्यात न्याय आहे: ज्याला जाऊ दिलं तोच राजा झाला. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त सलते. कश्यप वाईट प्रशिक्षक नव्हता, हे त्याच्या आधीच्या कामावरून ठाऊक होतं. ब्रुझोन तर त्यानंतर बांगलादेशात गेला आणि बसुंधरा किंग्जला एकामागून एक लीग विजेतेपदं मिळवून दिली, पुढे ईस्ट बंगालवर आला. म्हणजे एका वर्षाच्या आत मुंबई एफसीच्या हातून गेलेल्या तीन माणसांपैकी दोघांनी दुसरीकडे जाऊन लीग जिंकल्या. मग रोग प्रशिक्षकात होता असं कसं म्हणायचं? विहीर आटली आहे हे बघायचं नाही आणि पीक बुडालं म्हणून दर पाडव्याला सालदार बदलायचा, हा आपल्याकडचा जुना उद्योग. क्लबचं तेच झालं. खाली गेलेली मुंबई एफसी वर चढण्यासाठी परत आलीच नाही. पिवळी जर्सी राष्ट्रीय लीगमध्ये पुन्हा दिसली नाही.

आणि ती एकटी नव्हती. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला होता. पुणे एफसी गेला, भारत एफसी एका मोसमाचा पाहुणा ठरला, डीएसके शिवाजीयन्स २०१७ ला आटोपला, एफसी पुणे सिटी २०१९ ला संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. महाराष्ट्राच्या माणसाने प्रशिक्षकावरून घातलेला जवळजवळ प्रत्येक वाद आज अशा संघाबद्दलचा आहे, की तो संघच नाही. आम्ही 'हा काढा, तो आणा' म्हणत होतो, तेव्हा वरच्या मजल्यावर घराचाच हिशेब चालू होता.

आता काळ बदलला हे खरं. तेव्हा घाटंजीत सुट्टीला आलो की सामन्याचा निकाल शोधायला नागपूरहून आलेला पेपर उलटापालटा करायचो, आणि क्रिकेटच्या रणजी धावफलकाखाली दोन ओळी सापडल्या तर सापडल्या. आता ताजिकिस्तानातला सामना पोरं फॅनकोडवर बघतात, शेतात जाता जाता. कोणाचा करार किती वर्षांचा, कोणाला सोडायला किती रक्कम, हे त्यांना तोंडपाठ. सर्जिओ लोबेराची कथा हीच पोरं मला सांगतात: ३१ जानेवारी २०२० ला एफसी गोवाने त्याला लीग टप्प्याचे तीन सामने उरले असताना काढलं. गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडाने ते तीन सामने सांभाळले आणि जमशेदपूरला ५-० ने हरवून लीग टप्प्यातल्या पहिल्या क्रमांकाची शिल्ड जिंकली. लोबेरा मुंबई सिटीवर गेला. २०२१ च्या मार्चमध्ये उपांत्य फेरीत त्याने गोव्यालाच पेनल्टीवर घरी बसवलं आणि करोनामुळे रिकाम्या असलेल्या फातोर्ड्यात चषक उचलला. दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या, म्हणून त्या वादाला अजून मरण नाही.

मोहन बागानने तर त्यावरही कडी केली. होजे मोलिनाने २०२४-२५ मध्ये शिल्ड आणि चषक दोन्ही जिंकून दिले. पुढच्या मोसमात सुपर कपमध्ये संघ गटातच अडकला आणि नोव्हेंबरात त्याची खुर्ची गेली. तिथे कोण बसलं? लोबेरा. आमच्या पीटी सरांची बदली तरी वर्षातून एकदाच व्हायची.

पण एवढी माहिती असूनही पोरांची नजर जिथे पडायला हवी तिथे पडत नाही, असं मला वाटतं. ज्या महिन्यात बाकावर खालिदचा निकाल लागत होता, त्याच महिन्यात देशाची सर्वोच्च लीग सुरूच झालेली नव्हती. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. सरावाला मैदान आहे पण सामने नाहीत, अशी देशातल्या खेळाडूंची गत. असे खेळाडू घेऊन ढाक्यात उतरलेल्या प्रशिक्षकाच्या डावपेचांवर आपण टपरीवर तासभर बोललो, लीगवर पाच मिनिटंही नाही.

खालिदच्या चुका झाल्या नाहीत असं नाही. सिंगापूरविरुद्ध घरच्या मैदानावर आघाडी घेऊन सामना गमावणं हे कुणाच्याच खात्यात शोभत नाही. त्याचा सावध खेळ देशाच्या संघाला पुरेल का, हा प्रश्नही रास्त आहे. तो प्रश्न कूपरेजच्या दुसऱ्या तटाचा आहे आणि दहा वर्षांनीही त्यात दम आहे. प्रशिक्षकाला काढूच नये असं म्हणणारा मी नव्हे. काढण्यासारखी वेळ येते, आणि कधी कधी काढल्याने भलंही होतं, हे गोव्याने दाखवलं. पण गोव्याचं भलं झालं कारण मागे क्लब उभा होता: हातात खेळाडू होते, जागी बसवायला क्लिफर्डसारखा घरचा माणूस होता, भांडणारे प्रेक्षक होते. मुंबई एफसीत माणूस गेल्यावर मागे काही उरलं नाही.

खालिदला काढलं काय आणि ठेवलं काय, ते दिल्लीत ठरेल. घाटंजीच्या बाकावर ठरण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आपल्या शाळेच्या मैदानावर या पावसाळ्यात गोलचे खांब उभे राहतात की नाही, यवतमाळच्या स्पर्धेला आपला संघ जातो की नाही, आणि गेला तर त्याच्यासोबत चार माणसं एसटीत बसून जातात की नाही, हे आपल्या हातात आहे. तेव्हा पोरांनो, खालिदवर खुशाल भांडा. मात्र वर्गणीची वही याच बाकावर ठेवली आहे, उठण्याआधी तिच्यात नाव लिहा.